खसबची ढाऊ सफर: मुसंदमच्या खोरांत पूर्ण दिवस (मार्ग, कागदपत्रं, बोट, भरती-ओहोटी)

खाडीकाठी

थंडी सुरू झाली की दुबई-शारजातले मराठी लोक आणि त्यांच्याकडे भारतातून आलेले आईवडील मुसंदमबद्दल विचारायला लागतात. सगळं एका जागी असावं म्हणून हा धागा. ज्यांना जास्त माहिती आहे त्यांनी भर घालावी, चुकलं तर दुरुस्त करावं.

मुसंदम हा ओमानचा प्रांत, पण बाकीच्या ओमानपासून तुटलेला. मध्ये अमिरातीचा भूभाग येतो. त्याचं टोक होर्मुझच्या सामुद्रधुनीत घुसलेलं आहे. हजर पर्वताची रांग इथे सरळ समुद्रात उतरते आणि डोंगरांच्या मधल्या दऱ्यांत समुद्र शिरलेला आहे. या आत शिरलेल्या पाण्याला तिथे खोर म्हणतात. सफरी निघतात त्या खसब बंदरातून, आणि नेहमीचा मार्ग खोर अश-शामचा. हा खोर सुमारे १७ किलोमीटर लांब आहे, दोन्ही बाजूंना उभे उघडे कडे.

अर्ध्या दिवसाची सफर साधारण तीन तासांची, पूर्ण दिवसाची सहा तासांची, बहुधा सकाळी दहा ते चार. पूर्ण दिवस घ्या असं माझं ठाम मत आहे, आणि त्याचं कारण बोटीच्या वेगात आहे. ढाऊ, म्हणजे इकडची पारंपरिक घडणीची बोट, ६ ते ८ नॉटने, म्हणजे ताशी ११ ते १५ किलोमीटरने चालते. बंदर सोडून, भूशिराला वळसा घालून, खोराच्या तोंडातून आत टेलिग्राफ बेटापर्यंत पोचायलाच तास-सव्वा तास जातो. अर्ध्या दिवसात तिथे जेमतेम पाऊण तास पोहायला मिळतं आणि बोट फिरते. पूर्ण दिवसात सीबी बेटाजवळ दुसरा मुक्काम होतो, जेवण नांगर टाकून शांतपणे होतं आणि खोराच्या आतल्या टोकाला, शाम गावाच्या बाजूला जाता येतं. तिथे अर्ध्या दिवसाच्या बोटी नसतात.

वाटेत लागणारी गावं: नदीफी, कनाहा, मकलब, सीबी, शाम. या गावांना रस्ता नाही. पिण्याचं पाणी बोटीने येतं, मुलं खसबला शाळेत बोटीने जातात, आणि उन्हाळ्यात खजूर तयार झाला की बरीच कुटुंबं खसबला मुक्काम हलवतात. सफरीची बोट गावाला लागत नाही, समोरून हळू जाते. घरांच्या आणि बायकांच्या दिशेने कॅमेरा रोखू नका, एवढं घरच्यांना आधीच सांगून ठेवा.

---

बर_दुबईकर

उत्तम धागा. कागदपत्रांचं मी लिहितो, कारण बेत फसतो तो बहुतेक वेळा समुद्रात नाही, सीमेवर.

सर्वांत महत्त्वाचं आधी. भारतातून आलेले आईवडील अमिरातीच्या एकेरी प्रवेशाच्या व्हिसावर असतील तर ओमानमध्ये पाऊल टाकताच तो व्हिसा संपतो. परत अमिरातीत यायला नवा लागतो. त्यांना मुसंदमला न्यायचं असेल तर भारतातून निघण्यापूर्वीच बहुप्रवेश व्हिसा काढा. एजंटाला हे आपणहून विचारावं लागतं, तो सांगेलच असं नाही.

ओमानचा व्हिसा: अमिरातीत रेसिडेन्सी असलेल्यांना सोपा जातो. भारतीय पासपोर्टवर अमेरिका, ब्रिटन, शेंगेन, कॅनडा, ऑस्ट्रेलिया किंवा जपानचा चालू व्हिसा असेल तर १४ दिवसांपर्यंत व्हिसाशिवाय प्रवेशाची सोय आहे. बाकीच्यांनी आधी ई-व्हिसा काढावा. अटी बदलत राहतात, म्हणून रॉयल ओमान पोलिसांच्या ई-व्हिसा संकेतस्थळावर निघण्याच्या आठवड्यात एकदा पाहाच. पासपोर्टची मुदत सहा महिने शिल्लक हवी. एमिरेट्स आयडीवर भागत नाही, मूळ पासपोर्ट लागतो.

गाडीसाठी: मुल्किया (गाडीचं नोंदणी कार्ड), ओमान धरून विम्याचा कागद (ज्याला सगळे ऑरेंज कार्ड म्हणतात), गाडी दुसऱ्याच्या नावावर असेल तर त्याचं संमतीपत्र, भाड्याची असेल तर कंपनीचं ना-हरकत पत्र. बऱ्याच सर्वसमावेशक पॉलिसींत ओमान असतं, पण ते वेगळं प्रमाणपत्र मागून छापून घ्यावं लागतं. नसेल तर सीमेवर विकत मिळतं, अर्धा तास जास्त धरा. अमिरातीतून रस्त्याने बाहेर पडण्याचं शुल्क माणशी साधारण ३५ दिरहम.

दुबई ते खसब अंतर दोनशे किलोमीटरच्या आसपास. रास अल खैमा ओलांडून अल दारा नाका, पलीकडे ओमानचा तिबात नाका, तिथून पुढे खसब सुमारे ४० किलोमीटर, तेही कड्याला चिकटून समुद्राच्या अगदी कडेने. दहाची बोट गाठायची तर दुबई सहाला सोडा, लांब सुट्टी असेल तर पाचला. दोन्हीकडचं घड्याळ एकच आहे, त्याचा घोळ नाही. दारू गाडीत ठेवू नका. डॉक्टरांच्या चिठ्ठीवरची औषधं असतील तर चिठ्ठी बरोबर हवी.

---

शेवंती

आईवडील दोघेही सत्तरीपुढचे. बाबांचे गुडघे दुखतात, आईला गाडी लागते आणि ती पूर्ण शाकाहारी. बोटीवर चढणं कितपत अवघड? स्वच्छतागृह असतं का? बसायला खुर्च्या की खालीच?

---

सुकाणू

शेवंतीताई, क्रमाने सांगतो.

चढणं: खसब बंदराचा धक्का पक्का आहे. भरतीला बोट धक्क्याच्या पातळीला येते आणि फळीवरून चालत जाता येतं. ओहोटीला तीच बोट खाली जाते, मग उतरती पायरी किंवा एका बोटीतून दुसऱ्या बोटीत पाय टाकून जावं लागतं. खलाशी हात देतात. बाबांसाठी बुकिंगच्या वेळीच सांगून ठेवा की बोट धक्क्याला लागूनच हवी, दुसऱ्या रांगेत नको. गर्दीच्या दिवशी दोन-दोन, तीन-तीन बोटी एकमेकींना बांधलेल्या असतात, आणि गुडघ्यांना खरा त्रास तिथेच होतो.

बसणं: डेकवर गालिचे, कडेने लोड-तक्के, वर कापडी छत. मांडी घालून किंवा पाय पसरून बसायचं. काही बोटींवर कडेला बाक असतात, काहींवर नसतात. मागितल्यास एखादी प्लास्टिकची खुर्ची मिळू शकते, पण आदल्या दिवशी फोन करून नक्की करा. चपला चढतानाच काढून टोपलीत टाकायच्या असतात. आजी-आजोबांना मोजे घालू द्या, उन्हात डेकची फळी चांगलीच तापते.

स्वच्छतागृह: मागच्या बाजूला एक छोटी खोली, कमोड, बादली किंवा समुद्राच्या पाण्याचा फवारा. दाराचा उंबरठा उंच असतो, त्याला ठेच लागते. बोट नांगरलेली असताना जाऊन यावं, चालत्या बोटीत टाळावं.

बोट लागणं: खोराच्या आत पाणी तलावासारखं शांत असतं. हलते ती फक्त बंदर ते खोराच्या तोंडापर्यंत, वीस-तीस मिनिटं, जाताना आणि येताना. आईंना मध्यभागी, डोलकाठीच्या जागेजवळ बसवा. नाळेवर (बोटीच्या पुढच्या टोकावर) आणि अगदी मागे हेलकावा जास्त. मागे डिझेलचा धूरही येतो आणि निम्म्या लोकांना मळमळतं ते लाटांपेक्षा त्या वासाने. अव्होमिन द्यायची सवय असेल तर निघण्याआधी तास-दोन तास द्यायची, मळमळू लागल्यावर देऊन उपयोग नाही. तिने झोप येते, म्हणून परत गाडी चालवणाऱ्याने ती घेऊ नये. इतर औषधं चालू असतील तर डॉक्टरांना विचारून घ्या. रिकाम्या पोटी नेऊ नका, आणि तुपाळ नाश्ताही नको.

सावली: खोर साधारण पूर्व-आग्नेयेला आत जातो, आणि हिवाळ्यात सूर्य दक्षिणेकडे कललेला असतो. म्हणून जाताना बोटीच्या डाव्या बाजूला बसा, येताना उजव्या. दोन्ही वेळा ती उत्तरेचीच बाजू. छत असलं तरी कडेने तिरपं ऊन आत येतं आणि पाण्यावरून परावर्तित होऊन हनुवटीखाली, नाकाखाली भाजतं. तिथे क्रीम लावायचं लोक विसरतात.

---

शेवंती

मनापासून आभार. जेवणाचं?

---

सुकाणू

पूर्ण दिवसाच्या सफरीत जेवण धरलेलं असतं: भात, चिकन किंवा मासा, हमूस, कोशिंबिरीसारखं सॅलड, खुबूस (अरबी रोटी), फळं, शिवाय दिवसभर पाणी, चहा, खजूर आणि काहवा (अरबी कॉफी). अर्ध्या दिवसाला फक्त फळं आणि पेयं. बरोबर डाळ किंवा भाजी बहुतेक असते, कारण खलाशांत भारतीय आणि बांगलादेशी बरेच आहेत आणि तेही तेच जेवतात. पण जेवण किनाऱ्यावरून मोठ्या डब्यांत येतं, बोटीवर रांधत नाहीत. तेव्हा शाकाहारी किती ते आदल्या दिवशी कळवावं लागतं. आणि वाढताना एकच पळी सगळ्या भांड्यांत फिरते. आई सोवळ्याच्या बाबतीत काटेकोर असतील तर दशम्या, चटणी आणि दही-भात बरोबर घ्या, सरळ मार्ग तो. जैन मंडळींनाही हेच सांगेन.

---

पुणेरी_पासपोर्ट

या बोटी खरंच जुन्या पद्धतीच्या असतात की पर्यटकांसाठी नटवलेल्या?

---

सुकाणू

दोन्ही प्रकारच्या. लाकडी सांगाड्याच्या अजून बऱ्याच आहेत. काही आता फायबरच्या असून वरून लाकूड लावलेलं असतं. ओळखायचं असेल तर डेकवरून नाही, बाहेरून पाण्याच्या रेषेजवळ बघा. लाकडी बोटीला फळ्यांचे सांधे आडव्या रेषांत दिसतात, फायबरची कूस सलग गुळगुळीत असते. शीड आता नावाला किंवा नाहीच, सगळं डिझेल इंजिनावर.

अरबस्तानच्या किनाऱ्यावर मोठं लाकूड उगवत नाही. साग पूर्वापार आपल्याकडून, मलबारच्या किनाऱ्यावरून जात आला. फळ्या जोडल्यावर सांध्यांत तेलात भिजवलेल्या कापसाची वात छिनी-हातोडीने ठोसून बसवतात. बोट पाण्यात गेली की लाकूड फुगतं आणि सांधा त्या वातीवर आवळला जातो. म्हणून लाकडी बोट पाण्यातच बरी राहते. उन्हाळ्यात दुरुस्तीला वर ओढून ठेवली की फळ्या आटतात, आणि हंगामाच्या सुरुवातीला पाण्यात सोडल्यावर पहिले काही दिवस ती जास्त पाझरते. थोडं पाझरणं नेहमीचंच. बाजूच्या भोकातून अधूनमधून पाण्याची धार पडताना दिसली तर घाबरू नका, तळाशी साठलेलं पाणी पंप उपसतोय. धार थांबतच नसेल तर मात्र नाखव्याला विचारा, तो रागावत नाही.

मुसंदमची स्वतःची जुनी बोट म्हणजे बतील: लांबट, मागची बाजू उंच उचललेली, कवड्यांनी सजवलेली. सफरीला ती मिळत नाही, पण खसबच्या किल्ल्यात जुन्या स्थानिक बोटी मांडून ठेवल्या आहेत. किल्ला सतराव्या शतकाच्या सुरुवातीचा, पोर्तुगीजांचा. सफरीनंतर दिवे लागायला वेळ असेल तर बघून घ्या.

---

कातळ

सगळीकडे ‘अरबस्तानचे फियोर्ड’ किंवा ‘अरबस्तानचं नॉर्वे’ असं छापलेलं असतं. जाहिरातीला ठीक आहे, पण तिथे बसून जे दिसतं ते कळावं म्हणून भूगोल सांगतो.

नॉर्वेचे फियोर्ड हिमनद्यांनी कोरले. बर्फाची जीभ दरी खरवडत गेली, म्हणून दरी इंग्रजी यू अक्षरासारखी आणि तोंडाशी अनेकदा उथळ उंबरठा. मुसंदमला हिमनदी नव्हती. इथे साध्या नद्यांनी कोरलेल्या दऱ्या आहेत, ज्या नंतर बुडाल्या. बुडण्याची कारणं दोन. एक, शेवटच्या हिमयुगात समुद्राची पातळी आजच्यापेक्षा सुमारे १२० मीटर खाली होती आणि इराणचं आखात बरंचसं कोरडं होतं; बर्फ वितळला तसं पाणी दऱ्यांत चढलं. दोन, अरबी भूपट्ट युरेशियाच्या भूपट्टाखाली ढकलला जातो आहे आणि मुसंदमचं टोक खाली झुकतं आहे. म्हणून इथे किनाऱ्याला पुळण जवळजवळ नाहीच, डोंगराचा उतार तसाच पाण्याखाली जातो.

कडे चुनखडीचे आहेत, बहुतेक जुरासिक आणि क्रिटेशस काळातल्या उथळ समुद्रात साठलेले. थर अगदी स्पष्ट दिसतात. एखादा गडद पट्टा धरून नजर फिरवलीत तर तो एका डोंगरावरून दुसऱ्यावर जाताना तिरपा होतो, मध्येच तुटतो आणि काही मीटर खाली पुन्हा सुरू होतो. ती तूट म्हणजे भ्रंश. हे बघायला ऊन तिरपं हवं: सकाळी खोरात शिरताना, किंवा तीननंतर परतताना. भर दुपारी सगळा डोंगर एकाच करड्या रंगाचा दिसतो आणि लोक म्हणतात, ‘काय आहे बघायला, नुसते दगड.’

आपली कोकणातली जयगडची, विजयदुर्गची खाडी हीसुद्धा बुडालेल्या नदीमुखांचीच जात. फरक पावसाचा. आपल्याकडे नदी दर पावसाळ्यात गाळ आणते, मग चिखल, मग खारफुटी, आणि पाणी गढूळ. इथे वर्षातून क्वचित पाऊस, वाहती नदी नाही, गाळ नाही. पाण्याचा तळ बोटीवरून दिसतो तो त्यामुळे.

---

खाडीकाठी

कातळ, फारच छान. यालाच जोडून टेलिग्राफ बेट. बरेच जण तिथे फक्त उड्या मारून परत येतात.

खरं नाव जझीरत मकलब. १८६४ साली ब्रिटिशांनी हिंदुस्थान आणि युरोप जोडण्यासाठी आखातातून तारेची केबल टाकली: ग्वादर, मुसंदम, बुशेर, फाव. कराचीपासून ग्वादरपर्यंत तार जमिनीवरून आधीच होती. मुसंदमला संदेश उचलून पुढे पाठवायचं ठाणं हवं होतं. मुख्य भूमीवर स्थानिक टोळ्यांचं भय, म्हणून हे खोरातलं चिमुकलं बेट निवडलं. चारी बाजूंना तापलेले कडे, वारा नाही, पाणी बाहेरून आणायचं. चार-पाच वर्षांतच ठाणं हलवलं. आज जोती, थोड्या भिंती आणि पायऱ्या उरल्या आहेत.

मुंबईशी संबंध दोन. खोर अश-शामचं ब्रिटिश नकाशांवरचं नाव एल्फिन्स्टन इनलेट, आणि पलीकडच्या खोराचं माल्कम इनलेट. माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन आणि जॉन माल्कम हे लागोपाठचे मुंबईचे गव्हर्नर. त्यांच्याच काळात, १८२० च्या दशकात, बॉम्बे मरीनने, म्हणजे ईस्ट इंडिया कंपनीच्या मुंबईच्या आरमाराने, या किनाऱ्याची मोजणी केली. दोन्ही खोरांच्या मध्ये मकलबची चिंचोळी खिंड आहे. बेटाजवळ नांगर टाकल्यावर कड्यांच्या रांगेत जो खोलगट भाग दिसतो तो तोच. दुसरा संबंध केबलचा. ती वाहून आणणाऱ्या शिडाच्या जहाजांपैकी ‘ट्वीड’ हे मूळचं ‘पंजाब’, मुंबईच्या गोदीत वाडियांनी सागवानात बांधलेलं.

---

अनवाणी

पाण्यात उतरणाऱ्यांसाठी.

बेटाभोवती पाणी उथळ आणि तळ खडकाळ आहे. ओहोटीला ढाऊ पायऱ्यांपर्यंत जात नाही, लांब नांगरते आणि बेटावर जायचं तर पोहत किंवा छोट्या होडीतून. पायऱ्यांचा खालचा भाग शेवाळलेला, आणि खडकांच्या कपारींत लांब काट्यांचे काळे समुद्री साळू (सी अर्चिन). अनवाणी पाय टेकलात तर काटा आत मोडतो, कारण तो ठिसूळ असतो. ओढून काढायला गेलं की अजून तुकडे होतात. वर दिसणारे तेवढे चिमट्याने काढा, पाय सोसवेल इतक्या गरम पाण्यात (४० ते ४५ अंश) अर्धा ते दीड तास बुडवा, खोल रुतलेला किंवा सांध्याजवळचा असेल तर डॉक्टर. बोटीवर चहाचं गरम पाणी असतं, ते साध्या पाण्यात मिसळून दुसऱ्या पायावर किंवा हातावर तपासून मगच वापरा. हे सगळं टाळायचं तर रबरी तळव्याचे पाण्यातले बूट घाला.

म्हणून जाण्याचा दिवस ठरवताना खसबचं भरतीचं कोष्टक बघा. कोकणातला तिथीच्या पाऊणपटीचा हिशेब (तिथीचा आकडा गुणिले पाऊण म्हणजे भरतीची वेळ) इथे चालत नाही, प्रत्येक बंदराचा वेळेचा फरक वेगळा. पण उधाण-भांग चंद्रावरच आहे, ते इथेही तसंच: अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास चढउतार मोठा, अष्टमीच्या आसपास लहान. लहान मुलं किंवा वयस्कर असतील तर अष्टमीच्या आगेमागे जा, चढण्या-उतरण्याचा सगळा त्रास कमी होतो.

मास्क आणि नळी बोटीवर मिळते, पण मापाची नसते आणि रबर कडक झालेलं असतं. मिशा-दाढीमुळे मास्कमध्ये पाणी शिरतं, कडेला थोडं व्हॅसलीन लावा. बिस्किटं-पाव टाकून मासे गोळा करणं टाळा. पट्टेदार मासे चावायला लागतात आणि पाणी खराब होतं. पाणी जानेवारी-फेब्रुवारीत २२-२३ अंशांपर्यंत उतरतं, लहान मुलं दहा मिनिटांत कुडकुडतात. नोव्हेंबर आणि मार्चअखेर जास्त सुखाचे.

लाइफ जॅकेट: बोट सुटण्यापूर्वी मुलाच्या मापाचं आहे का ते घालून बघा. खांद्याला धरून वर उचललं आणि जॅकेट कानापर्यंत सरकलं तर ते मोठं आहे. मांडीखालून जाणारा पट्टा असेल तर तो लावाच.

---

कातळ

डॉल्फिन दिसतातच का? जाहिरातीत ‘हमखास’ लिहिलेलं असतं.

---

अनवाणी

हमखास कुणी म्हणू नये, पण दिसण्याची शक्यता फार चांगली आहे. खोरात पाठीवर उंचवटा असलेले डॉल्फिन आणि बाटलीनाके, दोन्ही असतात. ते बोटीच्या नाळेपुढे तयार होणाऱ्या लाटेवर स्वार होतात, म्हणून नाखवा बोट सरळ आणि एका वेगाने ठेवतो. शिट्ट्या आणि टाळ्यांनी ते येतात ही समजूत आहे, येतात ते लाटेसाठी. अडचण होते ती चार-पाच बोटी एकाच कळपाभोवती गोल फिरू लागल्या की. मग ते बुडी मारून लांब निघतात, पिल्लू असेल तर नक्कीच. नाखव्याला सांगा की एक फेरी पुरे. बहुतेक नाखवे ऐकतात, प्रवाशांनाच पाठलाग हवा असतो असं त्यांना वाटत असतं.

नाळेवर बघायला जाताना कठड्याच्या आत गुडघ्यांवर बसा, उभं राहू नका. दुसऱ्या बोटीची लाट आडवी आली की धक्का नाळेवरच बसतो. मोबाइलला गळ्यात दोरी हवी.

---

पुणेरी_पासपोर्ट

दिब्बाहूनही ढाऊ निघतात ना? दुबईहून ते जवळ पडतं.

---

बर_दुबईकर

जवळ पडतं, पण सफर वेगळी. दिब्बा मुसंदमच्या पूर्व बाजूला, ओमानच्या आखातावर. तिथून बोट उघड्या समुद्राला समांतर उत्तरेला जाते, झिगीच्या बाजूने, लहान-लहान कोनाड्यांत थांबत. कडे भव्य आहेत, पण बंदिस्त लांब खोर, गावं, टेलिग्राफ बेट यांतलं काही नाही, आणि बाहेरचा समुद्र असल्यामुळे हलतं जास्त. दिब्बाहून खसबला गाडीने जाऊ असंही ठरवू नका, मधल्या डोंगरातला रस्ता आपल्यासाठी खुला नाही. दिब्ब्याच्या सफरीसाठी पासपोर्टच्या प्रती काही दिवस आधी पाठवून परवानगी घ्यावी लागते. आयत्या वेळी जाऊन होत नाही.

पोहण्यासाठी आणि मित्रांच्या टोळक्यासाठी दिब्बा चांगलं. आईवडिलांना घेऊन जायचं तर खसबच.

---

खाडीकाठी

हवेबद्दल राहिलं. हंगाम ऑक्टोबर अखेर ते एप्रिल मध्य. मे ते सप्टेंबर पारा चाळिशीपार आणि हवा दमट, शिवाय कड्यांनी वारा अडतो. म्हाताऱ्या माणसांना नेऊच नये. हिवाळ्यातला शत्रू म्हणजे शमाल, वायव्येचा वारा. तो दोन-तीन दिवस टिकतो. खोराच्या आत जाणवत नाही, पण बंदर आणि तोंडाच्या मधला पट्टा खवळतो आणि मग बोटी सोडत नाहीत. सकाळी बंदरात ऊन आणि शांत दिसत असतानाही सफर रद्द होते, ती यामुळे. दुबईहून निघण्यापूर्वी आदल्या संध्याकाळी वाऱ्याचा अंदाज बघा, आणि आगाऊ पैसे भरताना विचारा: हवेमुळे रद्द झालं तर पैसे परत की दुसरा दिवस? उत्तर व्हॉट्सॲपवर लिहून घ्या.

दर ठिकाणाप्रमाणे आणि हंगामाप्रमाणे बदलतो. पूर्ण दिवसाचा माणशी साधारण २० ते २५ रियाल धरा, अर्ध्या दिवसाचा त्याच्या निम्मा ते साठ टक्के. एक ओमानी रियाल म्हणजे जवळपास साडेनऊ दिरहम. दुकानदार दहाने हिशेब करतात, तेव्हा रियालच बरोबर ठेवा किंवा कार्ड द्या.

गर्दी: अमिरातीची सुट्टी शनिवार-रविवार, ओमानची शुक्रवार-शनिवार, म्हणून शनिवार सर्वांत वाईट. हिवाळ्यात खसबला मोठी पर्यटक जहाजं लागतात. त्या दिवशी शेकडो माणसं एकदम उतरतात आणि चांगल्या बोटी आधीच गेलेल्या असतात. बुकिंग करताना ‘त्या दिवशी जहाज आहे का’ हे विचारा. पंधरा-वीस जणांचा गट असेल तर पूर्ण बोटच घेण्याचा भाव काढा, कधीकधी माणशी दर तेवढाच पडतो आणि कुठे किती थांबायचं ते आपल्या हातात राहतं.

आणखी एक. ही जागा होर्मुझच्या तोंडाशी आहे. त्या भागात ताणतणाव असेल तेव्हा आपल्या दूतावासाच्या सूचना वाचूनच बुकिंग करा. ड्रोन परवानगीशिवाय नेऊ नका, सीमेवर जप्त होतो. बंदराच्या आसपास गस्ती बोटींचे फोटो नकोत.

---

शेवंती

शेवटचा प्रश्न. त्याच दिवशी परतावं की खसबला राहावं? डिसेंबरचा दुसरा आठवडा धरला आहे.

---

बर_दुबईकर

डिसेंबरात तिथे सूर्य साडेपाचच्या आतच मावळतो. बोट चारला धक्क्याला लागली, चहा घेऊन, कपडे बदलून निघालात की कड्याकडेच्या रस्त्याचा बराचसा भाग अंधारात. रस्ता उत्तम आहे, पण वळणांचा, आणि कधीकधी बकऱ्या मध्ये बसलेल्या असतात. त्यात दिवसभर ऊन खाल्लेला चालक. आईवडील बरोबर असताना मी एक रात्र राहीन. हॉटेलं मोजकी आहेत, शनिवारसाठी तीन-चार आठवडे आधी बघा. राहणार असाल तर आदल्या दुपारी जाऊन मुक्काम करायचा आणि सफर करून त्याच दिवशी परतायचं, असं करू नका; उलट करा: सकाळी सीमा, दहाला बोट, रात्री मुक्काम, दुसऱ्या दिवशी नाश्ता करून निवांत परत. पेट्रोल खसबलाच भरून घ्या.

---

सुकाणू

आणि शेवंतीताई, डिसेंबरातल्या परतीच्या प्रवासात, तीननंतर, कड्यांच्या सावलीत वारा गार लागतो. आईंसाठी एक शाल आणि ओल्या मुलांसाठी कोरडा टॉवेल वेगळ्या पिशवीत ठेवा. ती पिशवी डेकवर नको, छताच्या खांबाला अडकवा; डेक धुताना खालचं सगळं भिजतं.